बांधणारा हात आणि सोडणारा हात

आमच्या गावात आणि आसपासच्या पाच-सहा गावांत जुनी माणसं अजून सांगतात, की माझ्या वडिलांच्या हाताचं यश म्हातारपणी गेलं. ते दवाखान्याच्या नादी लागले, घराण्याची रीत मोडली आणि एका पोरीचा हात कायमचा वाकडा झाला. हे सांगणाऱ्यांपैकी निम्म्यांनी माझ्या वडिलांना पाहिलेलंही नाही. लग्नात, मयतीत, कळंबच्या मोटारस्टँडवर ही गोष्ट मी आयुष्यभर ऐकत आलो आणि दर वेळी गप्प राहिलो. गोष्ट खोटी आहे. ती खोटी कशी झाली हे मला माहीत आहे, कारण मीच ती तशी होऊ दिली. माझं वय आता ऐंशीच्या पुढे गेलं. ज्यांची अडचण होती ती माणसंही राहिली नाहीत.

आमचं घर शेतकऱ्याचं, पण ओळख हाडं बसवण्याची. कळंबपासून तीन कोसांवर गाव. आजोबा हाडं बसवत, त्यांच्या मागे वडील बसवू लागले. कुणी बैलगाडीवरून पडलेला, कुणाला बैलानं लाथ मारलेली, कुणी विहिरीच्या पायरीवरून घसरलेला. माणसं खाटेवर घालून आणत. वडील डोळे मिटून बोटांनी चाचपत, एकदा ओढत, एक आवाज होई आणि हाड जागेवर बसे. मग हळद, अंड्याचा बलक आणि कांडवेलीचा लेप, त्यावर कापूस, त्यावर बांबूच्या कामट्या आणि जुन्या धोतराच्या पट्ट्या. आम्ही कुणाकडून काही घेत नसू. बरं वाटलं की त्यानं कळंबच्या चिंतामणीला नारळ फोडायचा, एवढंच.

दोन नियम आजोबांपासून चालत आले होते. बांधलेलं तिसऱ्या दिवसाआधी सोडायचं नाही. "हाड लाजाळू असते. उघडून पाह्यलं का सरकते," असं आजोबा म्हणत. दुसरा नियम, जो बांधील तोच सोडील. बांधणारा हात एक आणि सोडणारा हात दुसरा, असं झालं तर हाड बिघडतं, हे आमच्याच नव्हे तर चार गावांच्या डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

छप्पन साली आमचा जिल्हा मुंबई राज्यात गेला. त्याच साली वडिलांचं मनगट मोडलं. जू उतरवताना बैलानं झटका दिला आणि ते बांधावर आपटले. वय अठ्ठावन्न. मी वीस वर्षांचा होतो आणि चार वर्षं त्यांच्या हाताखाली शिकत होतो. मला वाटलं, आता ते हात माझ्यासमोर धरतील. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट चाचपलं आणि म्हणाले, "गाडी जुंप. यवतमाळले जाऊ."

"मी बसवतो ना, बाबा."

"तू अजून शिकून राह्यला."

मी गाडी जुंपली. ते वाक्य मात्र मी पुढची दोन वर्षं सोबत घेऊन फिरलो.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरनं हाडाचा फोटो काढला आणि उजेडासमोर धरून दाखवला. वडील खुर्चीवरून उठले आणि फोटोच्या अगदी जवळ गेले. तीस वर्षं जी वस्तू ते बोटांनी ओळखत होते, ती त्यांनी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिली. डॉक्टर माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. वडिलांनी त्याला विचारलं, "साहेब, हे मले शिकवान काय?" डॉक्टर हसला. चेष्टेनं नाही, पण हसला. मला त्या खोलीतून बाहेर निघून जावंसं वाटलं.

हात बरा झाल्यावरही वडील दर पंधरा दिवसांनी मोटारीनं यवतमाळला जाऊ लागले. रोग्यांच्या रांगेच्या शेवटी बसायचे. सगळे संपले की डॉक्टर त्यांना आत बोलवायचा. तिथून ते एकेक गोष्ट घेऊन यायचे आणि मला सांगायचे. बांधल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी सोडून पाहायचं. नख दाबायचं. दाबलं की पांढरं होतं, सोडलं की लाल झालं पाहिजे. नाही झालं, तर पट्टी तिथल्या तिथं कापायची, मग ती कुणीही बांधलेली असो. आणि कोपर बांधायचं नाही, ते सरळ यवतमाळला न्यायचं.

"कोपरात रग असते, रक्ताची शीर," ते म्हणाले. "थे दबली तं हात वाळून जाते. आपल्याले बाहेरून समजत नाई. कोपर आपलं काम नोहे, ध्यानात ठेवजो."

"आजोबानं तं बांधले होते कोपरं."

"बांधले. त्यातले किती वाकडे झाले थे कोनं पाह्यलं? मी तीस वर्सं आंधळ्यावानी चाललो, बाबू. बरोबर चाललो असन, पन आंधळ्यावानीच."

गावात चेष्टा सुरू झाली. पारावर कुणीतरी विचारायचं, "काय वैदबाबा, आता हाडाले बी डॉक्टरची चिठ्ठी लागते काय?" दुसरा म्हणायचा, "लागन ना गा! बुढा या वयात साळंत जाते, अ आ इ शिकून राह्यला." वडील हसून पुढे जायचे. मी मागे असलो की हे सगळं माझ्या अंगावर पडायचं. एकदा मी घरी येऊन चिडून बोललो, तर ते म्हणाले, "लोकं हासतात तं हासू दे. तुह्यं काय खर्च होते?"

मला त्यांचा राग होता. आता उलटून पाहताना हे नवलाचं वाटतं, पण तेव्हा घरातला म्हातारा नवीन शिकत होता आणि तरणा जुनं धरून बसला होता. मला आजोबांसारखं व्हायचं होतं. मोठ्या माणसांनी खाट उतरवावी, सगळे गप्प व्हावेत आणि मी डोळे मिटून चाचपावं. रांगेत बसलेला बाप मला नको होता.

अठ्ठावन्न सालच्या हिवाळ्यात वडील मुकुटबनला गेले. तिथे माझी आत्या दिली होती, तिच्या मुलीचं लग्न होतं. आई आणि वडील दोघंही गेले. जाऊन-येऊन सहा दिवस. निघताना म्हणाले, "काही आलं तं साधंसुधं पाहजो. मोठं असन तं मोटारीत बसवून देजो."

तिसऱ्या दिवशी सकाळी आमच्यापासून दोन कोसांवरच्या बंजारा तांड्यातला एक माणूस पोरीला खांद्यावर घेऊन आला. पोर नऊ-दहा वर्षांची. बोरीच्या झाडावरून पडली होती. उजवं कोपर सुजून पेरूएवढं झालं होतं. ती दात दाबून रडत होती आणि मधूनच आईला हाक मारत होती, "याडी, याडी." आई तांड्यातच राहिली होती, तिच्याजवळ तान्हं होतं.

"वैदबाबा कुठी हाये?" त्यानं विचारलं.

"मुकुटबनले गेले. तीन दिवसानं येतीन."

त्यानं पोरीला खाली ठेवलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाला, "मंग तू हायेस ना. तुह्या आज्यानं माह्या बापाचा पाय बसवला होता. मरेपर्यंत चालला माहा बाप."

ते कोपर आहे, हे मला दिसत होतं. मला माहीत नव्हतं असं मी आजवर स्वतःलाही सांगितलेलं नाही. कळंबला जायला दीड तास, तिथून मोटार. दुपारपर्यंत पोर दवाखान्यात पोचली असती. मी म्हणालो, "आन इकडं."

मी डोळे मिटून चाचपलं. ओढलं. आवाज झाला. पोरीनं एकच किंकाळी फोडली. लेप लावला, कामट्या ठेवल्या आणि घट्ट बांधलं, आजोबा बांधत तसं, हात दुमडून. बांधलं तेव्हा तिची बोटं हलत होती. मी तिच्या बापाला सांगितलं, तिसऱ्या दिवशी घेऊन ये, मी सोडीन. तो माझ्या पाया पडायला लागला. माझ्या बापाच्या वयाचा माणूस. मी त्याला पडू दिलं.

दुसऱ्या दिवशी तो एकटाच आला.

"पोरगी लई रडून राह्यली, बाबू. रातभर झोपली नाई. बोटं बी थंडी वाटतात. सोडून पाहतं काय?"

"हाड बसलं तं दुखनच ना," मी म्हणालो. "तिसऱ्या दिवसाआधी आमच्या घरी सोडत नाईत. तुह्या बापाचा पाय सोडला होता काय?"

"नाई."

"मंग?"

"बरं," तो म्हणाला आणि दोन कोस परत गेला. मी त्याच्याबरोबर तांड्यात जाऊन बोटं पाहून येऊ शकलो असतो. मी बैलांना पाणी पाजलं आणि शेतावर गेलो.

तिसऱ्या दिवशी तो पोरीला घेऊन आला. चेहरा उजळला होता. "आता रडत नाई. आज सकाळपासून एकदाबी रडली नाई." मला फार बरं वाटलं. मी त्याला बसायला सांगितलं आणि पाणी दिलं. हे मी मुद्दाम लिहितो. पोरगी रडत नव्हती आणि मला आनंद झाला होता.

मी पट्टीला हात घालणार तेवढ्यात गाडी आली. मुकुटबनचं लग्न आटोपून वडील आईला घेऊन एक दिवस आधीच परतले होते. ते गाडीतून उतरले, अंगणात आले आणि त्यांनी पोरीचा हात पाहिला. माझ्याकडे पाहिलंच नाही. खाली बसून त्यांनी पट्टीबाहेर आलेलं बोट धरलं आणि नख दाबलं. ते आधीच पांढरं होतं, दाबून काय व्हायचं? बोटं पाण्यात भिजल्यासारखी फुगली होती. त्यांनी एका बोटाला चिमटा काढला. "दुखते काय व माय?"

पोरीनं त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. "काय?" ती म्हणाली. तिला चिमटा लागलाच नव्हता.

वडिलांनी घरातून विळा मागवला आणि पट्ट्या कापून काढल्या. मी बाजूला उभा होतो. पोरीच्या बापानं घाबरून विचारलं, "बाबा, यानं बांधलं ना? मंग तुम्ही कायले सोडता?" वडिलांनी पोरीला उचललं. गाडीचे बैल सोडलेही नव्हते. पोरीला घेऊन ते तसेच परत गाडीत बसले. जाताना एवढंच म्हणाले, "कोपर हाये हे तुले दिसलं नाई?" त्यांनी थांबून उत्तराची वाट पाहिली नाही.

दवाखान्यात तिला तीन आठवडे ठेवलं. वडील तिच्या बापासोबत तिथेच राहिले. हात कापावा लागला नाही. पण मनगट आत वळलं आणि बोटं मुठीत वाळली. ती पुन्हा उघडली नाहीत.

पोर तांड्यात परत आल्यावर आठवड्यानं तांड्याचा नायक, पोरीचा बाप आणि आणखी दोघं आमच्या ओसरीवर येऊन बसले. गावातलेही पाच-सात जण जमले. भांडायला आले नव्हते. नायक म्हातारा आणि शांत माणूस होता.

"वैदबाबा, रीत तं तुमच्याच घरची ना? बांधीन थोच सोडीन?"

"होय," वडील म्हणाले.

"मंग बांधलं पोरानं अन् सोडलं तुम्ही. काहून?"

"सोडा लागत होतं."

"एक घडी थांबले असते तं पोरानंच सोडलं असतं. थो तं तिथंच होता."

गावातला एक जण हळूच म्हणाला, "डॉक्टरचं भूत बसलं ना डोक्यावर." कुणीतरी हसलं.

नायक माझ्याकडे वळला. "तू सांग बाबू. तू बांधलं तवा बोटं बरी होती ना?"

"होती," मी म्हणालो. "हालवत होती."

"अन् तिसऱ्या दिशी?"

"रडनं बंद झालतं."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. नायकानं मान हलवली आणि पोरीच्या बापाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी तो एकटा आला होता, थंड बोटांचं सांगून गेला होता, हे तो बोलला नाही. मी वाट पाहिली. तो बोललाच नाही. आणि वडिलांना ते माहीत नव्हतं. निदान मी तेव्हा तसं धरून चाललो. दवाखान्यात तीन आठवडे ते दोघं एकत्र राहिले होते, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

सगळे उठून गेले. वडील तिथेच बसले होते. आई आतून म्हणाली, "जेवून घ्या." ते म्हणाले, "येतो." मग माझ्याकडे न बघता बोलले, "आता लोकं तुह्याकडं येतीन. येऊ दे. दुसऱ्या दिशी सोडून पाहत जाजो, कोनी काही म्हनो. अन् कोपर आलं तं मले सांगजो. मी मोटारीनं घेऊन जाईन."

मी "हो" म्हणालो. मला ओरडायचं होतं की रडायचं होतं, ते कळलं नाही. खरं म्हणजे काहीच होत नव्हतं. आम्ही आत जाऊन जेवलो.

त्यानंतर माझ्या वडिलांच्या हाती कुणी आपलं हाड दिलं नाही. लोक आले ते माझ्याकडे. मी दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पट्टी सोडायचो आणि नख दाबून पाहायचो. ते डॉक्टरचं आहे असं कुणाला सांगितलं नाही. "दुसऱ्या दिशी हाताले हात लावला का हाड खुश राहते," असं काहीतरी बोलायचो. लोकांनी तेही घराण्याची रीत म्हणून धरलं. एकही हात वाळला नाही. लोक म्हणू लागले, बापाचं यश गेलं, पन पोरानं घरानं राखलं. ओसरीवर वडील बसलेले असत, त्यांच्यासमोरच म्हणत.

कोपर आलं, हाड चामडीबाहेर आलेलं असलं, खुबा मोडलेला असला की मी वडिलांना हाक मारायचो. ते कोट घालायचे, पिशवी घ्यायचे आणि रोग्याबरोबर कळंबला जाऊन मोटारीत बसायचे. दवाखान्याची वाट त्यांना माहीत, कंडक्टर ओळखीचे, नर्सा ओळखीच्या. रोग्याच्या बायकोला चहा कुठे मिळतो, धर्मशाळा कुठे आहे हे ते दाखवायचे. रोग्याचा मुलगा खाट उचलताना म्हणायचा, "बाबा, तुम्ही फक्त सोबत या हो, हात लावू नका." ते म्हणायचे, "नाई लावत, राजा." एकोणसाठ सालापासून सहासष्टपर्यंत त्यांनी हेच केलं. किती माणसं नेली याची मोजदाद कुणी ठेवली नाही. सोबत करणारा म्हातारा, एवढंच त्यांचं नाव राहिलं.

आमचं बोलणं बंद नव्हतं. कापूस, बैल, पाणी, सगळं बोलायचो. त्या सकाळचं मात्र कधी बोललो नाही. दर दिवाळीला मी ठरवायचो, की यंदा पारावर उभं राहून सांगायचं. दर वेळी कुणाचं तरी हाड मोडायचं, लोक माझ्या दारात यायचे आणि मी पट्ट्या फाडायला बसायचो. खरं सांगितलं तर हे लोक कुठे जातील, असं मी स्वतःला विचारायचो. प्रश्न चांगला होता. मला त्याची गरज होती.

सहासष्ट सालच्या भादव्यात वडील तापानं गेले. मी पाणी पाजलं, खांदा दिला. बायका रडत होत्या. माझे डोळे कोरडे होते आणि मला ते कुणी पाहू नये असं वाटत होतं. तांड्यातून कुणी आलं नाही.

तेरवी झाल्यावर मी तांड्यात गेलो. पोरीचा बाप बाजेवर बसून दोर वळत होता. त्यानं जागा करून दिली. मी बसलो आणि सगळं सांगितलं. कोपर आहे हे मला दिसलं होतं, बापानं मना केलं होतं, तू दुसऱ्या दिवशी आलास तेव्हा मी आलो असतो तर हात वाचला असता. बोलताना माझा आवाज बाजारभाव सांगावा तसा निघत होता. त्यानं दोर थांबवला नाही.

"मले माहीत होतं," तो म्हणाला. "दवाखान्यात डॉक्टरनं सांगतलं होतं. तुह्या बापाच्या समोरच."

"मंग तू त्या दिवशी बोलला काहून नाई?"

आता त्याचा हात थांबला. "काय बोलू? पोरगी बोंबलून राह्यली होती अन् मी तुह्या रीतीवर भरोसा ठेवून परत गेलो. तिची याडी म्हने, आत्ताच यवतमाळले घेऊन जा. मी तिले म्हनलं, चूप राय, तुले काय समजते. बोललो असतो तं तिले समजलं असतं, का पोरीचा हात मीच घालवला." त्यानं इकडेतिकडे पाहिलं. बायको झोपडीमागे शेण थापत होती. "तुह्या बापानं दवाखान्यात मले म्हनलं, माह्यावर ढकला. माहं वय झालं."

तो पुन्हा दोर वळू लागला.

"आता आलास लेका. तवा बोलला असता तं बुढा सात-आठ वर्सं मान वर करून जगला असता. माह्या पोरीचा हात तं तसाच राह्यला असता."

"मी आता सांगतो सगळ्याइले."

"नको," तो घाईनं म्हणाला. "थे हाये तवरिक नको." त्यानं झोपडीकडे मान केली. "अन् मीबी."

मी "बरं" म्हणालो. मला ते सोयीचं होतं, हेही इथे लिहून ठेवतो. त्याच्यानंतर त्याची बायको पुष्कळ वर्षं जगली. दोन वर्षांपूर्वी गेली.

मी विचारलं, पोरगी कशी आहे. नेर गावाकडच्या तांड्यात दिली, तो म्हणाला. डाव्या हातानं कापूस वेचते. आधी मागं राहायची, आता बाकीच्या बायांच्या बरोबरीनं चालते. दोन लेकरं आहेत.

मी उठलो. तो म्हणाला, "थांब. महिना झाला, हा खांदा वर जात नाई. पाहतं काय?" आणि त्यानं सदरा काढून पाठ माझ्याकडे केली.

मी खांदा चाचपला. या वेळी डोळे उघडे ठेवले. हाड जागेवर होतं. तसं त्याला सांगितलं.